फाटकाशी ओतलेलं खत

अंकोन, ६ एप्रिल

ओनेसिमो,

खत मिळालं. आता तुला काय हवंय ते सांगून टाक.

रविवारी चर्चमधून परत आलो तर फाटकात हा ढीग. गाडी आत घेता येईना. तेलेस्फोरो म्हणाला, "कुणाचं तरी चुकून पडलं असेल." चुकून! या गावात कुणी कुणाला चुकून चिमूटभर मीठसुद्धा देत नाही. समोरच्या बेनिता म्हातारीनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. निळा ट्रक, कोलोराडोची नंबरपाटी, आणि खत ओतून झाल्यावर तो माणूस टोपी काढून आमच्या घराकडे बघत बराच वेळ उभा होता म्हणे. पुढून टक्कल. बाबांचं होतं तसं. मग मी आणखी काही विचारलं नाही.

तुला कुणी सांगितलं असणार ते मला कळतं. आपली चुलतबहीण रामोनिता. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुझा पत्ता मी तिच्याकडूनच घेतला. फोन करणार नाही. फोनवर तू गप्प बसतोस, मी बडबडत राहते आणि शेवटी चूक माझीच होती असं वाटायला लागतं. कागदावर तसं होत नाही.

तर रामोनितानं तुला काय काय सांगितलं मला ठाऊक नाही, म्हणून खरं ते ऐक. जानेवारीत तेलेस्फोरोच्या उजव्या पायाचा अंगठा कापावा लागला. साखर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ताट बदला, नाही तर पुढच्या वेळी घोट्यापर्यंत जावं लागेल. अर्धं ताट हिरवं पाहिजे. हा माझा नवरा त्यांना विचारतो, "हिरवी मिरची धरायची का त्यात?" त्यांना हसू आलं. मला नाही आलं. दुकानातली कोथिंबीर आपल्याकडे पोचेपर्यंत काळी पडते, टोमॅटो लाकडासारखे. म्हणून आईची परसबाग मी पुन्हा उकरायला घेतली आहे. तिच्यामागे तिथे गवताखेरीज काही नव्हतं.

आईच्या थडग्यावरचा क्रूस नीट बसलासुद्धा नव्हता आणि तू तुझा वाटा पाटाच्या पाळीसकट ओहायोच्या बाईला विकून मोकळा झालास. मला कधी कळलं? ती मोजपट्टी घेऊन कुंपणाशी उभी राहिली तेव्हा. आठ वर्षं तू कुठे होतास? आणि आता माझ्या घरी दुखणं आलं, तेलेस्फोरोच्यानं कुदळ उचलवत नाही, तर तुझं खत दारात. उरलेल्या अर्ध्या जमिनीवर डोळा असेल तर आताच सांगते, ती माझ्या मुलीच्या नावावर झाली आहे.

खत चांगलं आहे. मुरलेलं, काळं, मुठीत दाबलं तर मोकळं होतं, वास नाही. वापरते. टाकून द्यायला मी काही वेडी नाही.

कासिल्दा


२९ मे

ओनेसिमो,

तुझं उत्तर आलं नाही. मला वाटलंच होतं.

तरी लिहिते आहे, कारण एकदा घेतलेल्या वस्तूचं काय झालं ते सांगावं अशी आपल्या घरची रीत होती. खत सगळ्या वाफ्यांत पसरून दाताळ्यानं मातीत मिसळलं. मुलगी आणि जावई आल्बुकर्कीहून दोनदा येऊन गेले, तेवढीच मदत. मिरचीची रोपं लावली, टोमॅटो लावले. वाटाणा आधीच पेरला होता. ठिपक्यांचा घेवडा, आईच्या बरणीतला. इतकी वर्षं झाली तरी उगवला. पलीकडे मका. भिंतीच्या कडेला पुदिना आणि ओवा-वासाचं ते रानटी पान, पोटासाठी आई उकळून द्यायची ते. कोथिंबीर दर पंधरवड्याला थोडी थोडी.

तेलेस्फोरो खुर्ची टाकून बसतो आणि हुकूम सोडतो. "ती ओळ वाकडी गेली." मी म्हणते, "पायाला बोटं चार आहेत, तोंड मात्र पुरतं शाबूत आहे." पालेभाजी खातो, पण मला त्याचा भरवसा नाही. परवा त्याच्या कोटाच्या खिशात साखर सापडली. दाणे नव्हे, वरचा भुगा, भोपळ्याचं सारण भरलेल्या गोड एम्पानादाला असतो तसला. बेनिता म्हातारीकडून घेतो. मी तिला विचारलं तर म्हणाली, "तो नुसता बसायला येतो गं." नुसता बसायला जातो आणि खिशातून साखर घेऊन येतो.

ओहायोची बाई, तिचं नाव लॉर्ना, ती रोज सकाळी कुंपणाशी उभी असते. उंच, पाय लांब, आधी तिकडे टपाल वाटायची म्हणे. सगळ्यांशी गोड बोलते. आपल्याकडे इतकं गोड कुणी विनाकारण बोलतं का? तिनं फवारणीचा पंप आणला आहे. पाठीवर लावायचा. काय फवारते ते झाकण लावून ठेवते. पाटाचं पाणी आधी तिच्या बांधावरून जातं आणि मग माझ्याकडे येतं, कारण वरचा वाटा तुझा होता. हे तुला आठवत असेलच.

कासिल्दा


२६ जून

ओनेसिमो,

परसबाग मेली.

परवा संत जॉनचा सण होता. पाद्रीबाबा पाटाचं पाणी आशीर्वादून गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी मिरचीची रोपं नीट निरखली. शेंड्याची पानं वळून त्यांच्या मुठी झालेल्या. टोमॅटोची पानं इतकी अरुंद झाली आहेत की नेच्याची वाटतात, देठ दोऱ्यासारखे पिळलेले. घेवड्याचं नवं पान उमलायच्या आतच चुरगळतं. वाटाणा गेला. मावा नाही, अळी नाही. मुळं पांढरी, धडधाकट. मी इतकी वर्षं भाजी लावली आहे, आईच्या हाताखाली लावली आहे, पाण्यावाचून मेलेली रोपं मला ओळखता येतात आणि गारठ्यानं मेलेलीही. ही तशी मेलेली नाहीत. ही पिळून मारलेली आहेत.

मी सरळ कुंपणाशी गेले.

"काय फवारलंत?"

"कुठे?" लॉर्ना म्हणाली.

"माझ्या परसावर."

"मी साबणाचं पाणी मारते. माझ्या जर्दाळूवर मावा आहे."

"साबणानं टोमॅटो असा पिळतो?"

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. "कासिल्दा, आत येऊन बघू का मी?"

"पाऊल टाकायचं नाही."

तेलेस्फोरो मागून ओरडत होता, "अगं, बघू दे तिला!" त्याचं काय, त्याला कुणीही गोड बोललं की तो विरघळतो.

काल पाटाची बैठक होती, जुन्या शाळेत. मी उभी राहिले आणि सांगितलं. वरच्या वाफ्यावर ही बाई औषध मारते, ते पाटात उतरतं आणि खाली माझ्या नवऱ्याच्या ताटात येतं. त्याचा पाय राहतो की जातो ते या ताटावर आहे. लॉर्ना उठली, लाल झाली होती, तिला आपल्या बोलीत पटकन शब्द सापडेनात. दोनदा "नाही" म्हणाली आणि बसली. बेनिताच्या पुतण्यानं मागून टोमणा मारला, "ओहायोला पाट नसतात, तिथे नळाचं पाणी." लोक हसले. पाटकरी सेलेदोनिओनं ठरवून टाकलं की खात्री होईपर्यंत तिची पाण्याची पाळी बंद. पाटावरचं तिचं पाण्याचं दार त्यानं बैठक उठताच जाऊन फळी टाकून बंद केलं.

हे मी तुला का लिहिते आहे? कारण तिला तू आणलंस.

तेलेस्फोरोच्या पायाची खपली पुन्हा ओली दिसते आहे. मी त्याला परसातली कोथिंबीरसुद्धा खाऊ देत नाही. तो चिडला आहे. म्हणतो, "आधी खा खा म्हणून मागे लागलीस, आता तोंडातून काढून घेतेस."

कासिल्दा


९ जुलै

ओनेसिमो,

तालुक्याच्या शेती कचेरीतली बाई येऊन गेली. तरुण आहे, नखं रंगवलेली, पण गुडघे टेकून मातीत बसली. पान हातात घेतलं आणि म्हणाली, हे तणनाशकाचं लक्षण दिसतं. मी तेलेस्फोरोकडे बघितलं. बघ म्हटलं, मी काय सांगत होते? पण ती बाई पुढे मक्याच्या ओळीशी गेली. मका खांद्याएवढा, हिरवागार. "हा कसा उभा आहे?" ती म्हणाली. "मका गवताच्या जातीचा, त्या जातीला ते औषध लागत नाही," असं तीच म्हणाली. मग विचारलं, "खत कुठून आणलंत?"

मी म्हटलं, "घरचं."

तिला खोटं का सांगितलं ते मला माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

खाल्ल्यानं माणसाला काही होतं का, हे मी विचारलं. "इतक्याशा अंशानं काही होत नाही म्हणतात." मी म्हटलं, "म्हणतात म्हणजे कोण म्हणतं?" तिनं बिचारीनं एक छापील कागद दिला.

हे सगळं लॉर्नानं भिंतीपलीकडून ऐकलं असणार. दुसऱ्या सकाळी मधल्या मातीच्या भिंतीवर तीन कुंड्या. तिन्हींत घेवडा पेरलेला. ती मला बघून थांबली आणि या खेपेला गोड बोलली नाही.

"ही माझी माती, पाटाचं पाणी. ही माझी माती, विहिरीचं पाणी. आणि या तिसरीत तुमच्या उरलेल्या ढिगातलं खत."

"माझं खत तुमच्याकडे कसं आलं?"

"तुमच्या नवऱ्यानं दिलं. मी मागितलं." मग म्हणाली, "गावासमोर तुम्ही मला विष घालणारी म्हणालात. पाणीच विषारी असतं तर पाटाच्या काठचं चाकवत असं माजलं असतं का? ते रोज तेच पाणी पितं. मी आठ वर्षं तुमच्या शेजारी राहते आहे कासिल्दा, आणि तुम्ही अजून मला ओहायोची बाई म्हणता. माझी झाडं वाळताहेत. या कुंड्या मी तुमच्या डोळ्यांसमोर ठेवते आहे, बघत राहा."

तिच्या अंगणात गेले नाही, पण भिंतीवरून दिसतं. जर्दाळूची दोन झाडं पिवळी पडली आहेत. विहिरीचं पाणी ती बादलीनं घालते, पण तेवढ्यानं काय होणार.

मी तेलेस्फोरोला विचारलं, "परक्या बाईला माझं खत देताना काही वाटलं नाही?" तो म्हणाला, "कासी, बाई चोर असती तर तिनं मागितलं असतं का?" मला ते पटलं नाही. कुंड्या ती केव्हाही बदलू शकते. म्हणून मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्या हातानं वेगळ्या तीन भरल्या आहेत. तशाच. बी आईच्या बरणीतलं.

तुला एकच विचारते. त्या खतात काय होतं?

कासिल्दा


२८ जुलै

भिंतीवरच्या तिसऱ्या कुंडीतला घेवडा पिळला. माझ्या खिडकीतल्या तिसऱ्या कुंडीतलाही पिळला. बाकीच्या चारही कुंड्या हसताहेत.

म्हणजे लॉर्ना नाही. पाणी नाही. तू.

मी सेलेदोनिओकडे जाऊन लॉर्नाच्या दाराची फळी काढायला सांगितली. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, काढ म्हणते ना. त्यानं काढली. कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही, कारण ते सांगायचं म्हणजे तुझं नाव घ्यावं लागेल, आणि तुझं नाव घेण्याआधी मला तुझ्याकडून ऐकायचं आहे.

मुद्दाम केलंस का?

मला आडवळणानं विचारता येत नाही. तू विकलेली जमीन मी तुला माफ केली नाही, तुझ्या बायकोच्या मयतीला मी आले नाही, हे तुझ्या मनात आहे हे मला माहीत आहे. पण हे माझ्यावर काढलं असतंस तर समजलं असतं. हे त्याच्या ताटात आलं. तो तुला घोड्यावर बसायला शिकवणारा माणूस आहे, ओनेसिमो.

आणि मुद्दाम केलं नसशील, तर इतके दिवस गप्प का? चार पत्रं झाली. ज्याचं मन साफ असतं तो एक ओळ तरी लिहितो.

क.


१८ ऑगस्ट

ओनेसिमो,

मी तिकडे येऊन गेले. तुला कुणी सांगितलं असेल किंवा नसेल.

उत्तराची वाट बघून कंटाळले आणि रामोनिताला म्हटलं गाडी काढ. वाटेत तिच्याकडून काढून घेतलं ते असं की तुझे वीस घोडे आहेत, कुरण आहे, दगडी कोठी आहे. हे तूच तिला दर नाताळला सांगतोस. आम्ही त्या पत्त्यावर पोचलो. घोडे होते. कुरण होतं. कोठीसुद्धा होती. तबेल्यात एक बाई खोगीर पुसत होती, तिला मी विचारलं, "ओनेसिमो लुसेरोचं कुरण हेच का?" ती हसायला लागली.

"ओनेसिमोचं? बाई, हे टेक्सासच्या लोकांचं आहे. ओनेसिमो इथे घोड्यांखालची लीद काढतो. आत्ता खाद्य आणायला गेलाय, येईल तासाभरात. तुम्ही कोण त्याच्या?"

मी म्हटलं, "कुणी नाही. पत्ता चुकलो."

रामोनिता माझ्याकडे बघत राहिली. रागावून बोलले नव्हते मी. तू माझ्यासमोर असा, हातात फावडं घेऊन, उभा राहू नयेस असं वाटलं.

मी त्या बाईला सहज विचारल्यासारखं विचारलं, कुरणावर काही मारता का. ती म्हणाली, काटेरी तण फार माजलं होतं, मालक गेली दोन वर्षं फवारतात, गवताला काही होत नाही म्हणून तेच औषध आणतात. "घोडे खातात का ते गवत?" "मग काय, तेच खातात."

असं आहे ते. कचेरीतल्या बाईनं दिलेल्या कागदावरही हेच होतं. गवतातून घोड्याच्या पोटात, पोटातून खतात, आणि तिथेही ते मरत नाही. मी तो कागद आधी नीट वाचला नव्हता. त्यात 'शेजारी' हा शब्द शोधत होते.

मग मी तुझं राहायचं ठिकाण बघितलं. तबेल्यामागची ती चाकांवरची खोली. दाराला कुलूप होतं, मी आत डोकावले नाही. पण पायरीवर कॉफीचे जुने डबे मांडलेले होते, एका ओळीत, आई मांडायची तसे, मोठ्याकडून लहानाकडे. टोमॅटो, मिरची, आणि एका डब्यात घेवडा. सगळ्यांची पानं पिळलेली. एका मिरचीला तू काठी बांधली होतीस आणि वरून जुन्या सदऱ्याची सावली केली होतीस.

मला तिथे पायरीवर बसावंसं वाटलं. तू तुझ्या डब्यांतही तेच खत घातलंस. म्हणजे तुला ठाऊक नव्हतं. रामोनिताला मी तसं म्हटलंसुद्धा, आणि ती रडायला लागली.

मग आम्ही घाट उतरायला लागलो. आणि माझं डोकं आहे ते असं आहे, त्याला मी काय करू? अर्ध्या घाटात माझ्या मनात आलं की हे डबे या वर्षीचे की मागच्या वर्षीचे? फवारणी दोन वर्षांची आहे. मागच्या उन्हाळ्यातही त्याचे डबे असेच पिळले असतील, त्यानं बघितलं असेल, आणि तरी एप्रिलमध्ये ट्रक भरला असेल. रामोनिताला हे बोलून दाखवलं. तिनं गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "कासिल्दा, तुझ्या डोक्याला कधी सुटी असते की नाही गं?"

पण विचार गेला नाही. अजूनही गेलेला नाही. तुला खोटं सांगणार नाही.

तेलेस्फोरो बरा आहे. खपली सुकली. चाकवत आणि घोळ खातो आहे, पाटाच्या काठची, लाल मिरची घालून घेवड्याबरोबर परतलेली. घेवडा अर्थात दुकानचा. बेनिताकडे जाणं थांबवलेलं नाही, पण डॉक्टरीणबाईंच्या मशीनमध्ये आकडा खाली आला, म्हणून मी खिसे तपासत नाही. रोज तपासत नाही.

कासिल्दा


५ ऑक्टोबर

ओनेसिमो,

तू तीन दिवस इथे होतास आणि आपण धड बोललो नाही, म्हणून हे पत्र.

तू ट्रक लावून फाटकाशी उभा राहिलास तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तुला आधी तेलेस्फोरोनं बघितलं. काठी टाकून तो लंगडत धावला ते मी खिडकीतून पाहिलं. मी बाहेर आले तोवर तू फावडं घेऊन वाफ्यात उतरला होतास. "माना, कुठपर्यंत मिसळलं होतंस?" एवढंच विचारलंस, पण 'माना' म्हणून, लहानपणी बहिणीला हाक मारायचास तसं. मी हातानं किती खोल ते दाखवलं. मग तू खणत राहिलास.

वरचा सगळा थर तू काढलास. मी पाणी आणून देत होते आणि मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. मागच्या वर्षी तुझे डबे कसे होते? किती सोपं वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना तूच म्हणालास, ताटाकडे बघत, "फवारतात हे मला माहीत होतं. घोड्याच्या पोटातून जाऊन राहतं हे नाही." तेलेस्फोरो लगेच म्हणाला, "कुणाला माहीत असणार? मिरची घे." आणि तो विषय संपला. तुमच्यासाठी संपला. मी ताटं उचलताना तुझ्या तोंडाकडे बघत होते. तुला ते कळलं. तू मान वर केली नाहीस.

लॉर्ना तिची ढकलगाडी घेऊन आली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला बोलावलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, तुला म्हणाली, "इतकी माती ट्रकपर्यंत हातानं नेणार का?" तुम्ही दोघं संध्याकाळपर्यंत माती वाहत होता. मी कॉफी केली, तिला आत बोलावलं. ती म्हणाली, "इथेच देता का?" आणि उभ्यानं प्यायली. तिची दोन जर्दाळूची झाडं गेली. उरलेली वाचतील असं वाटतं.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या रविवारी पाटाची शेवटची बैठक झाली. मी उभी राहिले. जून महिन्यात जिथे उभी राहिले होते तिथेच. म्हटलं, "माझ्या परसात विष आलं ते खतातून आलं. लॉर्ना हॅस्केलचा त्यात काही संबंध नव्हता. मी खात्री न करता तिचं नाव घेतलं, तुम्ही खात्री न करता तिचं पाणी तोडलंत. माझं चुकलं. तुमचं काय ते तुम्ही बघा." बेनिताचा पुतण्या जमिनीकडे बघत होता. लॉर्ना उठली. या वेळी तिला शब्द सापडले. "माझी दोन झाडं मेली," ती म्हणाली. "तुम्ही बोललात हे बरं केलंत. पण झाडं मेली." आणि बसली. मी आणखी काय म्हणणार? मला वाटलं होतं ती काहीतरी चांगलं बोलेल. नाही बोलली. बरोबर आहे.

मग सेलेदोनिओनं वही उघडली आणि विचारलं, "खत कुणाचं होतं?"

तिथे मला 'बाहेरून आलं' म्हणता आलं असतं. लोकांनी पुढे विचारलं नसतं. पण मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "माझ्या भावाचं. ओनेसिमोचं. त्यानं माझ्यासाठी आणलं."

एकदम कुजबूज सुरू झाली. आपलं भांडण कुणाला ठाऊक नाही इथे? मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "आणलं तर खरं!" सेलेदोनिओनं हात वर केला. तो काही वाईट माणूस नाही, पण त्याला सगळं पक्कं लागतं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "त्याला त्यातलं ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"कशावरून?"

ओनेसिमो, मी त्या खोलीत उभी होते आणि माझ्याकडे काहीही नव्हतं. तुझे डबे होते, पण ते दोन्ही बाजूंनी बोलतात. तुझं जेवतानाचं वाक्य होतं, पण ते तर तू कसंही म्हटलं असतंस. घाटातला तो विचार माझ्या डोक्यात तसाच बसलेला होता. आत्ता हे लिहितानाही तो आहे. माझ्या जन्मात मी कुणाचं म्हणणं पुराव्यावाचून घेतलेलं नाही. नवऱ्याचे खिसे तपासणारी बाई मी. समोर लॉर्ना बसलेली, जिच्याबद्दल माझी खात्री अगदी पक्की होती.

मी म्हटलं, "कशावरूनच नाही. मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. त्याला ठाऊक नव्हतं. तसं लिहून घे."

सेलेदोनिओनं लिहून घेतलं.

कासिल्दा